घरच्या रेकॉर्डिंगमध्ये माईकआधी कानाचा विचार व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरच्या घरी गाणे रेकॉर्ड करण्याविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत नुकताच आलेला लेख आस्थेने वाचला. गणेशोत्सव जवळ आला की कोकणातल्या वाडीवाडीतील भजनी मंडळे नव्या चालींची गाणी रेकॉर्ड करून ठेवू लागतात. पूर्वी ज्या कामासाठी मुंबईच्या किंवा कोल्हापूरच्या स्टुडिओची वाट धरावी लागे, ते काम आता एक लॅपटॉप, दोन माईक लावता येतील असे साउंड कार्ड आणि एखादा हेडफोन यांच्या बळावर घरातच होऊ लागले आहे. तेव्हा लेख वेळेवर आला यात शंका नाही. मात्र त्याचा बहुतेक भाग कोणता माईक घ्यावा आणि कोणते सॉफ्टवेअर वापरावे यावरच खर्च झाला असून, एक ट्रॅक, म्हणजे वेगळा घेतलेला एखादा आवाज, ऐकत त्यावर दुसरा ट्रॅक चढवताना गाणाऱ्याच्या किंवा वाजवणाऱ्याच्या कानात नेमके काय पडते, याविषयी त्यात एका ओळीपलीकडे काहीही नाही. घरच्या रेकॉर्डिंगचे यशापयश सर्वांत अधिक याच गोष्टीवर ठरते, असे माझे मत आहे. साधा माईक असूनही गाणे उत्तम उतरलेले मी ऐकले आहे. पण कानात उशिरा, कर्कश किंवा अर्धवट ऐकू येत असताना चांगल्या गायकाकडून चांगले गाणे उतरलेले ऐकलेले नाही.

आधीचे वादन ऐकत त्यावर नवे वादन चढवण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत १९४१ मध्ये सिडनी बेशे या जॅझ वादकाने एकट्याने सहा वाद्ये वाजवून ती एका रेकॉर्डवर आणली होती. मात्र एका तबकडीवरून दुसऱ्या तबकडीवर उतरवताना दर वेळी आधीचा आवाज अधिकाधिक मळकट होत असे. पुढे गिटारवादक लेस पॉल यांनी हेच तंत्र टेपवर आणले आणि १९५७ मध्ये ॲम्पेक्स कंपनीने त्यांना आठ ट्रॅकचे यंत्र बनवून दिले. त्या यंत्राची खरी करामत आठ या आकड्यात नव्हती. टेपरेकॉर्डरमध्ये आवाज भरणारे हेड आणि आवाज ऐकवणारे हेड ही शेजारी शेजारी, पण वेगळी असतात, आणि टेप आधी पहिल्यावरून व मग दुसऱ्यावरून सरकते. सेकंदाला १५ इंच, म्हणजे सुमारे ३८ सेंटीमीटर वेगाने धावणाऱ्या टेपला या दोन हेडमधील चार सेंटीमीटर अंतर कापायलाही सेकंदाचा दहावा भाग लागतो. म्हणजे वादक दुसऱ्या हेडवरचे जुने वादन ऐकत वाजवू लागला, तर त्याचा हात कितीही लयदार असला तरी नवे वादन टेपवर तेवढेच मागे पडणार. यावर ॲम्पेक्समधील रॉस स्नायडर यांनी काढलेला मार्ग असा, की जुने ट्रॅकही आवाज भरणाऱ्या हेडवरूनच ऐकवायचे. असे ऐकवलेला आवाज थोडा बोथट येई, पण वेळेवर येई. आवाजाच्या गोडीपेक्षा तो वेळेवर कानात पडणे महत्त्वाचे, हा निवाडा त्या काळीच झालेला होता. १९७९ मध्ये टॅस्कमचे कॅसेटवर चार ट्रॅक घेणारे पोर्टास्टुडिओ आले आणि हे तंत्र सामान्य वादकाच्या घरात शिरले; आज ते लॅपटॉपवर आले आहे, पण अडचण मात्र तीच आहे.

संगणक आवाज सलग घेत नाही. तो आवाजाचे नमुने गोळा करतो आणि त्यांचा ठरावीक आकाराचा गठ्ठा झाला की पुढे पाठवतो. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जात असताना बफर २५६ नमुन्यांचा असेल तर तो भरायला सुमारे ५.८ मिलिसेकंद लागतात, आणि १,०२४ नमुन्यांचा असेल तर सुमारे २३. आवाज संगणकात शिरताना एकदा आणि हेडफोनकडे बाहेर पडताना पुन्हा एकदा हा वेळ लागतो. शिवाय साउंड कार्डाचा स्वतःचा थोडा वेळ असतो तो वेगळाच. म्हणजे मोठ्या बफरवर गायकाला आपलाच आवाज किमान ४६ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. हवेत आवाजाला एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात हे लक्षात घेतले, तर हा उशीर सुमारे १६ मीटरांवरून आलेल्या आवाजाएवढा झाला. देवळाच्या सभामंडपात पखवाजी तेवढ्या अंतरावर बसला तर बुवा त्याला जवळ बोलावतील. इथे तर स्वतःचाच आवाज तेवढ्या लांबून येत असतो. भजनाच्या द्रुत गजरात मिनिटाला २४० मात्रा पडत असतील तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची होते, आणि हा उशीर तिच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाएवढा भरतो.

यावर उपाय बहुतेक साध्या साउंड कार्डांवरच दिलेला असतो, पण तो वापरला जात नाही. डायरेक्ट मॉनिटर नावाचे बटण किंवा फिरवायची चकती तिथे असते. ती योग्य जागी आणली की माईकचा आवाज संगणकात न फिरता थेट हेडफोनमध्ये येतो आणि संगणकातून फक्त आधीचे ट्रॅक येतात. हे करताना सॉफ्टवेअरमध्ये त्या ट्रॅकचे मॉनिटरिंग, म्हणजे चालू आवाज परत ऐकवणे, बंद करणे आवश्यक आहे. ते चालू राहिले तर गायकाला आपला आवाज दोनदा ऐकू येतो, एकदा लगेच आणि एकदा उशिरा, आणि दोन्ही मिसळून नळीतून बोलल्यासारखा पोकळ आवाज तयार होतो. माईक खराब आहे म्हणून दुकानात परत नेला जातो तेव्हा अनेकदा दोष एवढाच असतो. एकाच माईकचा आवाज फक्त डाव्या कानात येणे हीसुद्धा अशीच नेहमीची तक्रार. कार्डावर मोनोचे, म्हणजे तोच आवाज दोन्ही कानांत देणारे, बटण असेल तर ते दाबावे, नसेल तर गायकाला तसे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे तो बिचकत नाही. डायरेक्ट मॉनिटरवर आवाज कोरडा येतो आणि आमच्या बुवांना देवळातल्या घुमाऱ्याची सवय असते, ही अडचण मात्र खरी आहे. तिच्यासाठी सॉफ्टवेअरमधून मूळ आवाज वगळून फक्त घुमारा, म्हणजे रिव्हर्ब, हेडफोनमध्ये सोडता येतो. घुमारा मुळातच थोडा मागून येत असल्यामुळे त्यातला उशीर कानाला खटकत नाही.

ब्लूटूथ हेडफोनचा या कामी मुळीच उपयोग नाही, हे लेखात स्पष्ट सांगायला हवे होते. आवाज हवेतून पाठवण्यापूर्वी आकुंचित करणे आणि कानाशी पुन्हा उलगडणे यात शंभर ते दोनशे मिलिसेकंद, कधी त्याहूनही अधिक वेळ जातो. त्याच हेडफोनचा माईकही वापरू लागले की तो फोनवरच्या संभाषणाच्या पद्धतीवर जातो आणि ऐकू येणाऱ्या आवाजाचा दर्जाही एकदम खाली येतो. घरातल्या मुलाकडे तसा महागडा हेडफोन असतो आणि मोठ्या कौतुकाने तोच पुढे केला जातो, म्हणून हे मुद्दाम लिहिले. वायरचा, कान पूर्ण झाकणारा, मागून बंद असलेला साधा हेडफोन त्यापेक्षा कितीतरी कामाचा असतो.

आता ज्या मुद्द्यावर सर्वाधिक गोंधळ होतो तो. गायकाला स्वतःचा आवाज वेळेवर ऐकू येणे आणि त्याचा रेकॉर्ड झालेला ट्रॅक संगणकात योग्य जागी पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डायरेक्ट मॉनिटरने पहिली सुटते. दुसरी त्याने सुटत नाही. आधीचे ट्रॅक संगणकातून बाहेर पडून कानापर्यंत यायला वेळ लागतो आणि त्यांच्यावर गायलेला आवाज आत जायलाही वेळ लागतो. सॉफ्टवेअरने ही एकूण खोट ओळखून नवा ट्रॅक तेवढा आरंभाकडे ओढला नाही, तर लयीत पक्के असलेले वादनही ऐकताना घसरलेले वाटते. चांगले ड्रायव्हर, म्हणजे कार्ड आणि संगणक यांना जोडणारे सॉफ्टवेअर, असलेल्या कार्डावर बहुतेक सॉफ्टवेअर ही दुरुस्ती आपोआप करतात, पण ड्रायव्हरने सांगितलेला आकडा अचूक असतोच असे नाही. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर आपल्याकडे पुष्कळ वापरले जाते. त्यात या दुरुस्तीचा आकडा मुळात उणे १३० मिलिसेकंद असा ठेवलेला आढळतो आणि तो प्रत्येक यंत्राला लागू पडणे शक्यच नाही. या अडाणी आकड्यापायी आमच्या भागातील कितीतरी झांजवाल्यांना विनाकारण बोलणी बसली असतील.

याची तपासणी सोपी आहे आणि तिला काही विकत घ्यावे लागत नाही. एका ट्रॅकवर क्लिकचे, म्हणजे ठरावीक लयीत पडणाऱ्या टिकटिकीचे, स्पष्ट ठोके घ्यावेत, हेडफोनचा एक कप माईकच्या तोंडाशी घट्ट धरावा आणि ते ठोके ऐकवत दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करावेत. मग दोन्ही ट्रॅक पडद्यावर मोठे करून त्यांच्या ठोक्यांच्या सुरुवातीत किती अंतर पडले ते पाहावे. नवा ठोका ३४ मिलिसेकंद मागे पडला असेल आणि आकडा उणे १३० असेल, तर तो उणे १६४ करावा आणि पुन्हा एकदा ताडून पाहावे. नंतर बफर, कार्ड किंवा सेकंदाला घ्यायच्या नमुन्यांची संख्या यांतले काहीही बदलले की ही तपासणी नव्याने करावी. ट्रॅक पुढेमागे सरकवून कानाने जुळवण्यात रात्री घालवणारी मुले मी पाहतो. त्यांनी सुरुवातीलाच हे करून घेतले तर तो वेळ रियाजाला मिळेल.

वेळेचा प्रश्न सुटला की प्रमाणाचा उरतो. फ्रेंच वैद्य एतिएन लोंबार यांनी १९११ मध्ये असे दाखवून दिले होते, की भोवती गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवून बोलतो. हेडफोनमध्ये हार्मोनियम आणि पखवाज मोठे ठेवले की गायकाचे नेमके हेच होते; तो ओरडू लागतो, श्वास तुटतो आणि गळ्यातली हरकत जाड होते. उलट स्वतःचा आवाज फार मोठा ठेवला तर तो दबकत गातो, आणि हेडफोन कर्कश लावला की सूर उतरतो असाही अनेकांचा अनुभव आहे. म्हणून गायकाला त्याच्या पसंतीचे प्रमाण लावून द्यावे, रेकॉर्डिंग करणाऱ्याच्या पसंतीचे नव्हे. पुष्कळ जुन्या गायकांना एक कान उघडा लागतो. त्यांचा आग्रह योग्यच आहे, कारण आपला सूर हाडांतून आणि हवेतून ऐकण्याची सवय हेडफोनखाली मोडते. मात्र सुटलेला कप माईकसमोर बोलत राहतो. तेव्हा त्या बाजूचा आवाज पूर्ण बंद करून सगळे दुसऱ्या कानात द्यावे.

हेडफोनमध्ये काय वाजवावे, याबाबतीत लेखाने क्लिकचा जो पुरस्कार केला आहे त्याच्याशी मी सहमत नाही. क्लिकवर बांधलेले गाणे कापायला आणि जोडायला सोयीचे असते हे मान्य. भावगीताला किंवा जाहिरातीच्या गाण्याला ते चालतेही. पण आमच्या भजनाची लय एका जागी बसून राहत नाही. अभंग संथ उचलला जातो, दुसऱ्या अंतऱ्याशी पखवाजी हलकेच रेटा देतो आणि गजरात शिरताना लय अशी चढते की कोणत्या क्षणी चढली हे वाजवणाऱ्यालाही सांगता येत नाही. हा चढ क्लिकच्या आकड्यांत आधी बसवून ठेवणे तत्त्वतः शक्य आहे, पण तो कुणी बसवावा? बुवांनी एका बैठकीत जो चढ घेतला तो दुसऱ्या बैठकीत त्याच ठिकाणी येत नाही. शिवाय गाणे शांत होते तिथे, आलापात किंवा शेवटच्या लांबवलेल्या स्वरात, क्लिकची टिकटिक हेडफोनमधून माईकमध्ये झिरपते आणि मग काही केल्या निघत नाही. हार्मोनियम झिरपली तर ती गाण्यातच असल्यामुळे निदान विसंगत वाटत नाही.

माझ्या पाहण्यात जी पद्धत सर्वांत चांगली ठरते ती अशी. बुवा, हार्मोनियम आणि पखवाज यांनी समोरासमोर बसून पूर्ण गाणे एकदा एकत्र गावे-वाजवावे आणि ते मार्गदर्शक म्हणून रेकॉर्ड करावे. त्यात बुवांचा आवाज पखवाजाच्या माईकमध्ये शिरला तरी बिघडत नाही. सुरुवातीला झांजेचे चार ठोके घ्यावेत, म्हणजे नंतर येणाऱ्याला समेचा अंदाज येतो. मग हे मार्गदर्शक गाणे कानात घेऊन आधी पखवाज, नंतर हार्मोनियम, त्यावर बुवांचा अंतिम आवाज, आणि सर्वांत शेवटी कोरस व झांज असा क्रम ठेवावा. प्रत्येक नव्या ट्रॅकच्या वेळी मार्गदर्शक गाण्यातील तेच वाद्य हळू करत न्यावे. मात्र बुवांचा कच्चा आवाज त्यांचा पक्का आवाज येईपर्यंत काढू नये, कारण पखवाजी शब्दांवर वाजवतो, मात्रांवर नव्हे. झांज शेवटी घेण्याचे कारण तिचा आवाज सर्वांच्या माईकमध्ये घुसतो, आणि ती घेताना हेडफोनचा आवाज वाढवावा लागतो. त्यामुळे इतरांचे कान थकू नयेत म्हणून त्यांचे ट्रॅक होण्याआधी तिला हात लावू नये.

सुराच्या दृष्टीने हार्मोनियम हीच मोजपट्टी, कारण तिचे स्वर ऐन वेळी हलवता येत नाहीत. पखवाजाचे तसे नाही. आषाढ-श्रावणातल्या दमट हवेत पुडी सैल पडते आणि सकाळी लावलेला पखवाज दुपारपर्यंत उतरतो. बैठकीत हे लगेच कळते, पण ट्रॅक वेगवेगळ्या दिवशी घेतले जातात तेव्हा कालचा पखवाज आणि आजचा पखवाज यांत फरक पडल्याचे हेडफोनमधल्या गर्दीत लक्षात येत नाही. म्हणून प्रत्येक वेळी आधी फक्त हार्मोनियमचा षड्ज कानात घेऊन पखवाज लावावा आणि मगच बाकीचे ट्रॅक सुरू करावेत. मोबाईलवरचा तंबोरा खोलीत वेगळा वाजत ठेवण्यापेक्षा तोही एका ट्रॅकवर घ्यावा, म्हणजे तो फक्त कानात राहतो.

पावसाचा हिशोब मात्र कोणी करत नाही. पत्र्यावर किंवा मंगळुरी कौलांवर पडणाऱ्या सरीचा आवाज एका ट्रॅकमध्ये मंद वाटतो आणि चालून जाईल असे म्हणून सोडून दिला जातो. पण त्याच खोलीत तशाच आवाजाचे दोन ट्रॅक एकत्र वाजले की तो सुमारे ३ डेसिबलने वाढतो, चार झाले की ६ आणि आठ झाले की ९. कोरससाठी तीच चार माणसे पुन्हा पुन्हा गाऊन आठ ट्रॅक करण्याची टूम सध्या फार आहे. त्यात माणसांबरोबर पाऊसही आठ वेळा गातो. त्यापेक्षा चौघांना एका माईकभोवती अर्धवर्तुळात उभे करून दोनदा गाऊन घेणे बरे. गाणे नसेल तिथे प्रत्येक ट्रॅक बंद करावा, आणि जागा निवडताना पडवीपेक्षा माजघर निवडावे. जांभ्याच्या जाड भिंती आणि वर माळा असला की पावसाचा निम्मा त्रास तिथेच थांबतो. उरलेल्यासाठी गोधड्या आहेतच. वीज जाऊन साध्या इन्व्हर्टरवर काम सुरू झाले की हेडफोनमध्ये घरघर ऐकू येते. अशा वेळी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर काम केले तर ती बहुधा थांबते, पण बॅटरीवर यंत्र मंदावून आवाज तुटू लागल्यास बफर वाढवावा. डायरेक्ट मॉनिटर वापरत असल्यास त्याने गायकाला काही फरक पडत नाही. खाऱ्या हवेने हेडफोनच्या जॅकवर चढणारी काजळी वेळोवेळी पुसावी, इतकेच.

आमच्याकडे आणखी एक प्रकार आहे आणि त्याचा उल्लेख शहरात बसून लिहिलेल्या लेखात येणे कठीणच. निम्मे मंडळ गावात आणि निम्मे मुंबईत असते. चाकरमानी चतुर्थीच्या आदल्या दिवशी गावी पोहोचणार, आणि गाणे तर त्याआधी तयार हवे. मग कोरसवाले डोंबिवलीहून किंवा विरारहून आपापले आवाज फोनवर पाठवतात. एका फोनवर मार्गदर्शक गाणे लावायचे आणि दुसऱ्या फोनवर आपला आवाज घ्यायचा, ही त्यांची पद्धत मुळातच सदोष आहे. प्रत्येक यंत्रातले घड्याळ किंचित वेगळ्या गतीने चालते. दोन यंत्रांत दशलक्षात पन्नास भागांचा फरक असला तरी दहा मिनिटांच्या गजरात ३० मिलिसेकंदांची घसरण होते, आणि ती हळूहळू वाढत जाणारी असल्यामुळे ट्रॅक एका जागी जुळवला की दुसऱ्या जागी सुटतो. गाणे ऐकणे आणि आवाज घेणे एकाच यंत्रावर व्हायला हवे. सुरुवातीच्या चार ठोक्यांच्या वेळी हेडफोन माईकला लावून धरावा, म्हणजे ते ठोके त्या ट्रॅकमध्येच उमटतात, आणि गावातल्या माणसाला ते मूळ ठोक्यांवर बसवून बाकी सगळे आपोआप जागी आणता येते. फाईल व्हॉइस मेसेज म्हणून पाठवली तर आवाज आकुंचित होऊन येतो, आणि एमपी३ केली तर आरंभी थोडी शांतता घुसते. म्हणून आवाज आकुंचित न करणारी डब्ल्यूएव्ही फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. सेकंदाला ४८,००० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला २४ बिट घेतल्यास एका आवाजाच्या सहा मिनिटांना सुमारे ५२ एमबी लागतात, आणि आजच्या इंटरनेटला ते जड नाही. २४ बिटचा आणखी एक फायदा असा, की आवाज कमी पातळीवर घेता येतो. आवाजाची पातळी दाखवणाऱ्या पट्टीवरचा सर्वांत मोठा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवला तरी पुरते, आणि झांजेला तेवढी मोकळीक लागतेच.

हे सर्व सांगून झाल्यावर, प्रत्येक गोष्ट ट्रॅकवर ट्रॅक चढवून करू नये, हेही नोंदवणे मला भाग आहे. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यात, एका बुवाचा टोमणा आणि दुसऱ्याचे उत्तर यांत जी चुरस असते ती हेडफोनमधून पेटत नाही. दशावतारात हार्मोनियमवाल्याची नजर पात्राच्या पावलावर असते, संवाद आयत्या वेळी लांबतो, आणि पखवाज त्या लांबण्याला उत्तर देत असतो; तिथे माणसे वेगळी केली की उरतो तो नुसता आवाजांचा साठा. जाखडी नृत्यातले पायातल्या घुंगरांचे ठोके गोलात नाचतानाच खरे पडतात, खुर्चीवर बसून नव्हे. अशा वेळी दोन चांगले माईक योग्य जागी ठेवून एकत्र सादरीकरण घ्यावे, आणि हेडफोन फक्त रेकॉर्डिंग करणाऱ्याच्या कानावर असावा. घरचे सॉफ्टवेअर हवे तेवढे ट्रॅक देते म्हणून ते भरलेच पाहिजेत असा काही नियम नाही.

पुरवणीत या विषयाचा पुढचा भाग देण्याचा आपला विचार असल्याचे त्या लेखाच्या शेवटी म्हटले आहे. त्या भागात माईकच्या किमतींचा आणखी एक तक्ता देण्याऐवजी डायरेक्ट मॉनिटरची जोडणी आणि ठोक्यांची तपासणी या दोन गोष्टी आकृतीसह छापाव्यात, आणि शक्यतो तो भाग श्रावण संपण्यापूर्वी यावा, ही विनंती. भाद्रपदात आमच्या भागात कोणाला पेपर उघडायलाही सवड नसते.

आपला नम्र,
एक भजनप्रेमी वाचक
ता. कणकवली, जि. सिंधुदुर्ग